डाऊनलोड केलेलं गाणं गेलं कुठे?

"मी तर गाणी डाऊनलोड करून ठेवली होती, मग ती गेली कशी?" हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात. फोन त्यांच्या हातात असतो, मेमरी कार्ड जागच्या जागी असतं, कुणी काही पुसलेलं नसतं, तरीही गाणं वाजत नाही. 31 जानेवारी 2024 रोजी 'रेसो' या अॅपने भारतातला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एअरटेलने 'विंक म्युझिक' बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडे लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या: पहाटेची भक्तिगीतं, प्रवासातली गाणी, आईच्या आवडीची गाणी.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. दरमहा पैसे भरूनही गाणं माझं का होत नाही? सरळ उत्तर असं, की ते तुमचं नव्हतंच. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. गाण्यात नेमकं काय काय कुणाच्या मालकीचं असतं, हे पाहिल्याशिवाय आपलं काय गेलं ते कळणार नाही.

1. एका गाण्याचे चार मालक

पुण्यातलं एक उदाहरण घेऊ. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्या सकाळी 'गीतरामायणा'तलं पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढे वर्षभर, अधिक महिना धरून, 56 गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. त्या वेळच्या श्रोत्याकडे या गीतांपैकी काय होतं? काहीच नाही. वेळेवर रेडिओपाशी बसायचं, ऐकायचं आणि जमेल तसे शब्द वहीत उतरवून घ्यायचे. चाल डोक्यात राहील तेवढी आपली.

पुढे एचएमव्हीने फडक्यांच्या आवाजात ही गीतं तबकड्यांवर आणली आणि ती दुकानात मिळू लागली. आता या एका गोष्टीत किती मालक आले ते मोजा. शब्दांवर कवीचा हक्क. चालीवर संगीतकाराचा. तिसरा हक्क त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे अमुक गायकाने, अमुक वाद्यमेळासह, अमुक दिवशी गायलेल्या त्या आवाजाचा. तो बहुधा कंपनीकडे असतो. चौथी मालकी तुमची: दुकानातून घरी आणलेली ती काळी तबकडी. पहिले तीन हक्क अमूर्त, चौथी वस्तू हातात धरता येणारी.

हे तीन हक्क वेगवेगळ्या वेळी संपतात. आपल्याकडचा सर्वसाधारण नियम असा: शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. गणित करून पाहू. माडगूळकर 1977 मध्ये गेले. मोजणी 1 जानेवारी 1978 पासून, म्हणजे हा नियम लावला तर त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 च्या अखेरीपर्यंत. फडके 2002 मध्ये गेले. चालींवरचा हक्क 2062 च्या अखेरीपर्यंत. आणि 1964 साली बाजारात आलेली एखादी तबकडी असेल, तर तिच्या ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क 2024 सरताना संपला. म्हणून 'जुनं गाणं आहे, आता ते सगळ्यांचं' हे विधान सहसा अर्धंच खरं असतं. आवाज मोकळा झाला तरी शब्द आणि चाल बांधलेल्या असू शकतात.

तेव्हा 'गाणं विकत घेतलं' असं आपण म्हणायचो, ते बोलण्यापुरतं. घेत होतो ती चौथी गोष्ट, प्रत. पण या प्रतीला कमी लेखू नका. पुढची सगळी कथा तिचीच आहे.

2. मालकीची मोजकी वर्षं

संगीत घरात साठवायची सोय माणसाला फार उशिरा मिळाली. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. ती तबकडी लाखेपासून बनायची, मिनिटाला सुमारे 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबायचा, म्हणजे काय होत असेल ते पाहा. अनेक बुजुर्गांनी ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर गायला नकार दिला, तो निव्वळ हट्ट नव्हता.

1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव तबकड्यांवर भरपूर ऐकायला मिळतात. बुवांचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नाही. ज्यांनी समोर बसून ऐकलं, त्यांच्याबरोबर तो गेला.

ग्रामोफोन ही बराच काळ पैसेवाल्यांची चैन होती. मध्यमवर्गीय घरात गाणं आलं ते रेडिओतून, आणि त्यासाठीसुद्धा टपाल कचेरीत जाऊन वर्षाचा परवाना काढावा लागे. रेडिओ देईल ते, देईल तेव्हा ऐकायचं. आजच्या पिढीला वाटतं की पूर्वी सगळ्यांकडे आपापला संग्रह होता आणि तो कुणीतरी हिरावून घेतला. तसं झालेलं नाही. पुण्यातल्या बहुसंख्य घरांत संगीत 'मालकीचं' आलं ते कॅसेटबरोबर. फिलिप्स कंपनीने कॅसेट 1963 मध्ये दाखवली. आपल्याकडे ती घरोघर पोचायला सत्तरचं दशक सरावं लागलं. आखातातून आलेल्या नातेवाइकाने 'टू-इन-वन' आणला, की चाळीतल्या चार घरांची सोय व्हायची. तिथपासून सीडी मागे पडेपर्यंत धरलं तर हा सगळा काळ फार तर तीस-पस्तीस वर्षांचा. गाणं मालकीचं असणं हा संगीताच्या इतिहासातला अपवाद आहे, हे एकदा मान्य केलं की आपली तक्रार जरा नेमकी मांडता येते.

अपवाद असला तरी त्याने खूप काही दिलं. कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस आठवणारे पुणेकर अजून पुष्कळ आहेत. सुरेश अलूरकरांचं ते नुसतं विक्रीचं दुकान नव्हतं. त्यांनी स्वतः कॅसेटी काढल्या. त्यात शास्त्रीय गायन होतं, व. पु. काळे यांचं कथाकथन होतं. मोठ्या कंपनीच्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी एका शहरातल्या एका दुकानदाराला परवडत होत्या, कारण कॅसेट काढायला भांडवल थोडं लागायचं आणि गिऱ्हाईक दारात यायचं. ते दुकान आता नाही. मुंबईचं काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊसही 2016 मध्ये बंद झालं.

आणि कॅसेटचं खरं वेगळेपण विक्रीत नव्हतंच. तिच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन इवल्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही मुद्रित करता येत नसे. धाकट्या भावाने मैफलीवर क्रिकेटची कॉमेंट्री भरू नये म्हणून घरोघरी या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने तोडल्या जात. मग विचार बदलला, की त्याच खाचेवर चिकटपट्टी लावायची; पुन्हा मुद्रण सुरू. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या दोन खाचांत होता आणि तो पूर्णपणे घरच्या माणसाचा होता.

3. प्रत असणं म्हणजे काय काय करता येणं

तुमच्याकडे एखादी सीडी आहे. तिच्या प्रती काढून विकणं गुन्हा, ती भाड्याने देण्याचा धंदा करता येत नाही, मंगल कार्यालयात धंदेवाईक कार्यक्रमात वाजवायची तर परवानगीचा प्रश्न येतो. हे झालं जे करता येत नाही ते. पण ती बहिणीला देता येते. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नेऊन विकता येते. मृत्यूनंतर ती मुलांना मिळते. कंपनी बुडाली तरी ती वाजते. सर्वांत मोलाचं हे, की ती परत मागायला कुणी दारात येऊ शकत नाही.

मग गाण्याच्या फाइली विकायला लागल्या. अॅपलचं आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर 2012 मध्ये आलं. आता अमेरिकेतल्या एका कंपनीला साधी कल्पना सुचली: लोक जुनी सीडी विकतात, तशी वापरलेली फाइल का विकू नये? 'रिडिजी' हे तिचं नाव. कॅपिटल रेकॉर्ड्सने तिला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये निकाल रिडिजीच्या विरोधात गेला आणि डिसेंबर 2018 मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. कोर्टाचं म्हणणं असं: सीडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण फाइल 'पाठवली' म्हणजे दुसऱ्या यंत्रावर तिची नवी प्रत तयार झाली, आणि प्रत तयार करण्याचा हक्क कंपनीचा. तर्क बिनचूक आहे. परिणाम मात्र असा, की पैसे देऊन घेतलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही. वस्तूच्या वस्तूपणाची पहिली खूण इथे पुसली गेली.

त्यानंतरची पायरी म्हणजे आजचं स्ट्रीमिंग. इथे फाइलसुद्धा विकत मिळत नाही. हे खानावळीसारखं आहे. महिन्याचे पैसे भरा, पोटभर जेवा, ताटात पदार्थही घरच्यापेक्षा जास्त. पण महिना संपला की डबा रिकामा. मालकाचं भाजीवाल्याशी बिनसलं, तर उद्यापासून वांगं बंद. खानावळ बंद पडली, तर इतकी वर्षं जेवलो म्हणून भांडी मागता येत नाहीत. आणि आपलं कार्ड मुलाच्या नावावर करून मरता येत नाही.

खानावळीत फसवणूक नसते, हेही सांगायला हवं. करोडो गाणी महिन्याला शे-दीडशे रुपयांच्या आसपास ऐकायला मिळणं हा सौदा वाईट नाही. ज्या मुलाला 1985 साली एक कॅसेट घेण्यासाठी महिनाभर पैसे साठवावे लागले असते, तो आज एका संध्याकाळी मोगूबाई, मदन मोहन आणि मोझार्ट ऐकतो. गोंधळ होतो तो 'डाऊनलोड' या बटणामुळे.

4. डाऊनलोडच्या आत काय असतं

अॅपमध्ये गाणं डाऊनलोड करता तेव्हा फोनमध्ये खरोखरच एक फाइल उतरते. ती जागाही अडवते. पण ती सांकेतिक रूपात असते. ती उलगडण्याचा संकेत फक्त त्या अॅपकडे असतो आणि ठरावीक काळाने अॅप कंपनीला विचारून घेतं की हा माणूस अजून वर्गणीदार आहे ना. स्पॉटिफायमध्ये डाऊनलोड केलेली गाणी टिकवायची असतील, तर निदान 30 दिवसांतून एकदा इंटरनेटशी जोडावं लागतं. ते याचसाठी.

म्हणजे वर्गणी संपली, अॅप काढून टाकलं किंवा कंपनीच बंद पडली, तर फाइल फोनमध्ये असूनही निरर्थक आकड्यांचा ढीग होते. विंक वापरणाऱ्या एखाद्या आजोबांच्या फोनमधली गाणी कुणी चोरली नाहीत. ती वाजवायची परवानगी संपली.

5. भांडण दोन कंपन्यांचं, गाणं गायब तुमचं

अॅप बंद पडायलाच हवं असंही नाही. स्पॉटिफाय भारतात 27 फेब्रुवारी 2019 रोजी आलं. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. विसाव्या शतकातल्या मराठी गाण्यांचा फार मोठा साठा तिच्याकडे. या दोघांचा व्यवहार जमला नाही, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल 2019 मध्ये सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरवण्याचं ठरलं. करार झाला तो 2020 च्या मध्यावर. मधलं वर्षभर तिथे पैसे भरणाऱ्या मराठी माणसाला आपल्या आईवडिलांच्या काळातलं भावगीत आणि भक्तिगीत शोधूनही सापडणं मुश्कील होतं. नवीन श्रोत्याची समजूत काय झाली असेल? हे गाणं अस्तित्वातच नाही.

मार्च 2023 मध्ये स्पॉटिफायचा झी म्युझिकशी असलेला परवाना संपला तेव्हा त्या कंपनीची गाणी अशीच उतरली आणि काही काळाने परत आली. 'सैराट'ची गाणी याच कंपनीची. या दोन्ही भांडणांत एकही सीडी कुणाच्या कपाटातून नाहीशी झाली नाही.

गंमत अशी, की याच सारेगामाने 2017 मध्ये 'कारवां' नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली, इंटरनेट नको, वर्गणी नको. पुढे मराठी आवृत्तीही आली आणि ज्येष्ठ नागरिकांना भेट द्यायला ती सोयीची वस्तू झाली. त्याच्या यशाचं कारण लोक गतकाळाच्या ओढीत शोधतात. मला त्याहून साधं कारण दिसतं: बटण दाबलं की वाजतं, आणि उद्याही वाजेल.

6. तुमचे पैसे कुणाला पोचतात

कॅसेट घेतली की तिच्या किमतीतला वाटा त्या कॅसेटशी संबंधित लोकांनाच जायचा. किती, हा वेगळा आणि बहुधा दुःखाचा विषय. स्ट्रीमिंगमध्ये हिशेब सहसा एकाच हंड्यातून होतो. समजा, दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघांनी शंभर-शंभर रुपये भरले. अॅपने प्रत्येकी 30 ठेवले. हंड्यात उरले 140. पहिल्याने महिन्यात 10 वेळा एका ख्यालगायिकेचा चाळीस मिनिटांचा मारवा ऐकला, दुसरं काही नाही. दुसऱ्याने एक फिल्मी गाणं 690 वेळा वाजवलं. एकूण 700 वेळा, म्हणजे दर खेपेला 20 पैसे. ख्यालाच्या वाट्याला आले दोन रुपये, फिल्मी गाण्याला 138. पहिल्याने भरलेल्या शंभरातले अॅपचे 30 सोडले, तर बाकीचे जवळजवळ सगळे दुसऱ्याच्या आवडीला गेले.

शिवाय स्पॉटिफायच्या मोजणीत 30 सेकंद ऐकलं की एक खेप धरली जाते. चाळीस मिनिटांचा मारवा आणि अडीच मिनिटांचं गाणं, दोघांचा आकडा एकच. 2024 पासून तर आधीच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला वाटाच मिळत नाही. पुण्यातल्या एखाद्या गुणी पण अप्रसिद्ध गायकाचा सगळा जन्म या नियमाखाली जाऊ शकतो.

7. जे कुठल्याच यादीत नाही

खरी काळजी मला लोकप्रिय गाण्यांची वाटत नाही. ती एका अॅपवरून गेली तर दुसऱ्यावर सापडतील. त्यात पैसा आहे. काळजी आहे ती घरगुती मैफलींच्या टेपांची, बंद पडलेल्या छोट्या कंपन्यांच्या कॅसेटींची, देवळातल्या कीर्तनांची, गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या कार्यक्रमांची. यांचा हक्क कुणाकडे हेच ठाऊक नसल्याने कुठलंही अॅप त्यांना हात लावत नाही. त्या टिकल्या तर केवळ कुणाच्या तरी मालकीची प्रत असल्यामुळे टिकतील. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आणि तिच्या सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मंडळींनी तबकड्यांच्या बाबतीत हेच काम केलं: जमवलं, नोंदलं, 'द रेकॉर्ड न्यूज'मधून छापलं. कॅसेटींच्या वाट्याला एवढं प्रेम अजून आलेलं नाही, आणि चुंबकीय फीत लाखेच्या तबकडीपेक्षा कितीतरी नाजूक.

म्हणून स्ट्रीमिंग सोडा, असं मी सांगणार नाही. मीही ते वापरतो. पण दोन ढीग करा. पहिला, जे नुसतं ऐकायचं आहे. ते खुशाल अॅपवर राहू द्या. दुसरा, जे गेलं तर चालणार नाही. त्यातलं जे बाजारात मिळतं ते सीडी किंवा बंधनमुक्त फाइलच्या रूपात विकत घ्या. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कलाकार स्वतः अशा फाइली विकतात. आणि जे बाजारात नाहीच, ते माळ्यावर शोधा. कॅसेट वाजवण्यापूर्वी फितीवर पांढरी बुरशी नाही ना, ते उजेडात धरून बघा. असेल तर जाणकाराकडे द्या, कारण तशीच वाजवली तर फीत आणि टेपरेकॉर्डरचं हेड दोन्ही खराब होतात. संगणकावर उतरवल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. फाइलच्या नावात गायक, राग, साथीदार, ठिकाण, वर्ष लिहा. 'बाबांची टेप 3' हे नाव बाबा असेपर्यंतच उपयोगी पडतं. घरच्या घरी ऐकण्यासाठी अशी प्रत ठेवायला कायद्याची हरकत नाही. यूट्यूबवर चढवायची असेल तर मात्र आधी गायकाला किंवा त्याच्या वारसांना विचारा. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत उरका. पुण्याच्या दमट हवेत एक पावसाळाही फितीला जड जातो.